लाभ सोडून तेरा

पुढे चालणाऱ्याला जग ओवाळते आणि मागे चालणाऱ्याला देव सांभाळतो, असे मी कीर्तनात अनेकदा म्हटले आहे. पण मागे चालणाऱ्यालाही पाय असतात, त्या पायांना गुडघे असतात आणि ते गुडघे दुखतात, एवढे सांगायचे मात्र दर वेळी राहून जाते. म्हणून आज आधी त्या दुखऱ्या गुडघ्यांना नमस्कार करतो आणि मगच हणमंतराव बिरादारांची कथा सांगायला उभा राहतो.

हैदराबादेतल्या विद्यानगरच्या मराठी मंडळींकडे दर एकादशीला कीर्तन असते. मी चरण म्हणतो, मागचे टाळकरी तो झेलतात. त्या रांगेच्या अगदी टोकाला, भिंतीला खेटून, हणमंतराव उभे असतात. भिंत हा त्यांचा तिसरा पाय. दिवसभर उन्हात राबून आलेला हा साठीचा माणूस डोळे मिटून टाळ वाजवतो, आणि टाळ चुकत नाही. एकदा मी मध्येच थांबून थट्टा केली, "हणमंतराव, झोपलात की काय?"

"डोळे झोपलेत, महाराज. हात जागे हायत."

सभा हसली. ते हसले नाहीत, कारण ते खरे तेच सांगत होते.

गंडीपेटच्या पलीकडे, मूसीच्या वरच्या अंगाला, नदीच्या खोऱ्यात एक निसर्ग उद्यान आहे. तिथे ते नोकरीला आहेत. उन्हाळ्यात नदी तिथे ओल्या दोरीएवढी उरते. दोन्ही काठांना करडे खडक, जणू हत्तींचा कळप पाणी प्यायला येऊन बसला आणि पुन्हा उठलाच नाही. खडकांच्या फटींत सीताफळीची झुडपे आणि मधूनच एखादा एकटा ताड. या खडकांमधून, ओढ्यांच्या पोटातून, जाड टायरच्या सायकलींसाठी वाटा काढल्या आहेत. शहरातली माणसे रविवारी पहाटे येतात, चढणीवर धापा टाकतात, उतारावर ओरडतात आणि घामाने निथळत, शाळा सुटलेल्या पोरांसारखी हसत बाहेर पडतात. त्यांची ती वाट हणमंतराव राखतात. पावसाने पडलेल्या घळी बुजवायच्या, सुटे दगड कडेला लोटायचे, वेड्या बाभळीचे काटे वेचायचे. आणि सगळे निघून गेले की आपल्या जुन्या सायकलवर बसून अख्ख्या वाटेने एक शेवटची फेरी मारायची. कोणी मागे राहिले तर नाही ना, एवढेच पाहायचे.

"आपली दोन्हीकडं एकच नोकरी," ते मला म्हणत. "तुमच्याकडं बी मागं, तिकडं बी मागं."

वाटेच्या तोंडाशी आडव्या बांबूचे एक फाटक आहे. तिकिटे बाहेरच्या मोठ्या दरवाज्यावर मिळतात. पण तिथून फिरायला येणारे आणि पक्षी पाहायला येणारेही आत शिरतात. म्हणून सायकलवाले किती शिरले आणि किती निघाले, याची मोजणी या बांबूपाशी होते, हणमंतरावांच्या तोंडी. आणि ती मोजणी ते आपल्या वडिलांसारखी करीत.

उदगीरकडच्या त्यांच्या गावी खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. पुष्कळ घरांत लाभ म्हणजेच एक, आणि पुढे दोन. बिरादारांच्या घरी मात्र लाभाचे माप देवाचे. ते बाजूला काढायचे, आकड्यात धरायचे नाही. आधी लाभ, मग एक, मग दोन. तरुणपणी ते हैदराबादला आले आणि बेगम बाजारात एका धान्याच्या दुकानी मापाडी झाले. तिथला सेठ पहिल्या मापाला 'बरकत' म्हणे. शब्द निराळा, भाव तोच. पुढे धान्य पिशवीबंद झाले. माप गेले, मापाडी गेला. जिभेवरचा लाभ तेवढा राहिला.

तोच लाभ ते खोऱ्यात घेऊन आले. पहिला सायकलवाला आत शिरला की 'लाभ', दुसऱ्यापासून एक. बाहेर पडतानाही पहिला निघेल तो लाभ. देवाचे माप दोन्ही पारड्यांत सारखे, म्हणून वर्षानुवर्षे मेळ बसत आला. चूक होती, पण ती दोन्ही बाजूंना होती. आणि दोन्ही बाजूंना सारखी असलेली चूक, मायबापहो, माणसाला आयुष्यभर न्याय वाटत राहते.

रविवारी सर्वांत आधी येई ती स्वप्ना. सिकंदराबादला रेल्वेच्या कचेरीत नोकरी, वडील शंकरराव नांदेडहून येऊन इथेच स्थिरावलेले, घर बौद्ध. पहाटेच घरून सायकलवर निघून, निम्मे शहर ओलांडून ती या बांबूपाशी उभी राही. मराठी बोलायला मिळते म्हणून तिला हणमंतराव आवडत, आणि चिडतात म्हणून जरा अधिकच आवडत.

"जय भीम, काका."

"जय भीम, ताई. लाभ."

"आज तरी एक म्हणा की!"

"लाभ म्हणजे देवाचं माप, ताई. मानाचं असतंय."

"मान ठेवा तुमच्यापाशी. आम्हाला बाहेर ठेवायची तुमची सवय जुनी आहे बरं का. आजोबा गावाबाहेर, मी आकड्याबाहेर!"

हणमंतराव कानाच्या पाळ्या धरत. "असं नका बोलू, ताई. जिभेला वळण पडलंय."

"मग वळण मोडा. मला देवाचं माप नको, काका. माणसाचं द्या."

हसत हसत ती पायडल मारी आणि झुडपांआड दिसेनाशी होई. तिच्या हसण्यात थट्टा किती आणि वेदना किती, हे हणमंतरावांनी मोजले नव्हते. मोजता आले असते. पण जे बोलणे हसून बोललेले असते, ते ऐकणारा हसून सोडून देतो.

आता तो वैशाखातला रविवार. उन्हाळ्यात खोऱ्यातली वाट पहाटे उघडते आणि ऊन चढायच्या आत बंद होते. त्यानंतर ते खडक तव्यासारखे तापतात आणि पाखरूसुद्धा सावली सोडत नाही. त्या दिवशी हणमंतरावांचा उजवा गुडघा उठल्यापासूनच भरून आला होता. पहाटे स्वप्ना आली, लाभ झाली, आत गेली. तिच्यामागून इतर आले. शेवटचा आकडा झाला तेरा.

ऊन चढू लागले तशी हणमंतरावांना भोवळ आली. बांबूला धरून ते खाली बसले. बाहेरच्या दरवाज्यावर तिकिटे फाडणारी रेणू धावत आली. रेणू जवळच्याच वस्तीतली, घरची भाषा तेलुगू. हणमंतरावांना ती 'बाबाय' म्हणे, म्हणजे काका.

"अय्यो बाबाय! चेहरा देखो तुम्हारा. उठो, नीम के नीचे लेटो. मैं गिनतूं."

"तुला जमंल?"

"दसवीं पास हूं मैं! कितने गए अंदर?"

"तेरा," हणमंतराव म्हणाले, आणि कडुनिंबाखाली ओला पंचा तोंडावर घेऊन आडवे झाले.

रेणूने मोजले, जसे जगात कोणीही मोजेल तसे. ओकटि, रेंडु, मूडु; एक, दोन, तीन. धुळीने माखलेले, डोक्यावर टोप आणि डोळ्यांवर काळे चष्मे चढवलेले सायकलवाले एकेक करून बाहेर पडले. पंच्याखाली हणमंतरावांना तिचा आवाज ऐकू येत होता. शेवटी ती म्हणाली, "पदमूडु." पदमूडु म्हणजे तेरा, एवढे तेलुगू त्यांना येत होते. बांबू खाली पडल्याचा आवाज आला, फाटक बंद झाले.

ते उठले. सायकलला हात लावला. गुडघ्यातून अशी कळ गेली की हँडल सुटले.

"हो गया ना बाबाय, तेरा के तेरा," रेणू म्हणाली. "अब किसको ढूंढते? घर जाओ."

इतक्या वर्षांत त्यांनी फेरी कधी चुकवली नव्हती. त्यांनी खोऱ्याकडे पाहिले. उन्हात वाट पांढरी दिसत होती, कोरडी आणि फार लांब. देहाने मनाला हात जोडले आणि मनाने देहाचे ऐकले. मोपेडवर बसून ते लंगर हौजला आपल्या घरी गेले.

संध्याकाळी माझे कीर्तन होते. टाळांची पिशवी त्यांनी सकाळीच मोपेडच्या हुकाला अडकवून ठेवली होती. घरी पोहोचल्यावर पाणी पिऊन ते फरशीवर पडले. पंखा गरम वारा ढवळत होता. स्वयंपाकघरात भामाबाई, त्यांच्या पत्नी, दळणाला ज्वारी काढत होत्या. डब्यातून माप भरायचे, पिशवीत ओतायचे. सासरची रीत त्यांनीही सांभाळली होती.

"लाभ," भामाबाई म्हणाल्या, आणि ज्वारी पडल्याचा सळसळ आवाज झाला. "एक." पुन्हा सळसळ. "दोन."

हणमंतराव उठून बसले.

"आता काय झालं?" भामाबाईंनी विचारले. "झोपा की जरा."

"तिनं एकापासनं मोजलं."

"कुणी?"

"रेणूनं. मी लाभ सोडून तेरा सांगितले. तिनं लाभ न सोडता तेरा मोजले." त्यांनी मोपेडची किल्ली चाचपली. "भामा, एक माणूस आत राहिलंय. अन् ते कोण हाय, हे मला ठावं हाय."

"कसं काय ठावं?"

पहाटेपासून तेरा चेहरे येऊन गेले होते आणि त्यांतला एकही त्यांना आठवत नव्हता. आठवत होता तो आकड्यात नसलेला एकच.

भामाबाईंनी माप तसेच डब्यात टाकले, पाण्याच्या दोन बाटल्या भरून त्यांच्या हातात दिल्या आणि म्हणाल्या, "गुडघ्याचं नंतर बघू. निघा."

मोपेडवर बसण्याआधी त्यांनी रेणूला फोन केला. ती अजून दरवाज्यापाशीच होती. "बाबाय, नक्को डराओ," ती म्हणाली. पण त्यांनी लाभाचे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मैं लोगां को लातूं. तुम आओ."

भर दुपार. रस्त्याचे डांबर चाकांना चिकटत होते. हणमंतराव बांबूपाशी पोहोचले, टाळांची पिशवी गळ्यात अडकवली, बाटल्या सायकलला बांधल्या आणि चुकलेली फेरी सुरू केली.

ती फेरी मी कशी सांगू? पायडलाला एक पाय जोर लावत होता, दुसरा नुसता फिरत होता. चढणीवर ते उतरत, सायकल ढकलत, पुन्हा बसत. दर वळणावर हाक मारत, "ताई! स्वप्नाताई!" खडक ती हाक परत त्यांच्याच अंगावर टाकत. ओढा आला, ओढ्यात पाणी नव्हते. दुसरा ओढा आला. घसा असा सुकला की तोंडातून हाक निघेना. तेव्हा त्यांनी पिशवीत हात घातला आणि टाळ काढले.

आणि त्या ओसाड खोऱ्यात, भर उन्हात, टाळ वाजू लागले. ना श्रोते, ना वीणा, ना मृदंग. वाजवायचे, थांबायचे, कान द्यायचे. पुन्हा वाजवायचे, पुन्हा थांबायचे. आमच्या कीर्तनात मी म्हणतो आणि हणमंतराव झेलतात. तिथे हणमंतराव म्हणत होते आणि झेलणारा सापडत नव्हता. दमलेल्या माणसाची प्रार्थना याहून वेगळी काय असते? शब्द संपलेले असतात, हात तेवढे हलत असतात.

जिथे दोन मोठ्या खडकांमधून वाट एकदम खाली घसरते, तिथे त्यांनी टाळ थांबवले आणि उत्तर आले. ठण्. मग पुन्हा, ठण्, ठण्. पाण्याच्या रिकाम्या पत्री बाटलीवर कोणीतरी दगड मारत होते.

वाटेच्या खाली, सीताफळीच्या झुडपांआड, खडकाच्या हातभर सावलीत स्वप्ना अंग चोरून बसली होती. घोटा सुजून पायाहून जाड झालेला, एक खांदा खाली लोंबलेला, ओठ फुटलेले. सकाळी ती डोहावरचे बगळे पाहत रेंगाळली होती आणि बाकीचे पुढे निघून गेले होते. पहिली शिरलेली ती अशी सर्वांच्या मागे राहिली. मग या उतारावर पुढचे चाक दगडात अडकले. फोन खडकांत उडून पडला, तो तिला दिसत होता पण तिथवर जाता येत नव्हते. झुडपांमुळे ती स्वतः वरून दिसत नव्हती.

हणमंतराव बसकण मारत, घसरत खाली उतरले. तिच्या ओठांना पाणी लावले. घोटभर प्यायल्यावर ती म्हणाली, "उशीर केलात, काका."

त्यांनी मान खाली घातली.

"पण मी घाबरले नाही. म्हटलं, सगळे गेले तरी काकांची शेवटची फेरी यायची आहे. येईलच."

मायबापहो, कोणी आपल्यावर रागावले तर सोसता येते. कोणी विश्वासाने वाट पाहत बसले होते आणि आपण निघून गेलो होतो, हे सोसत नाही. तिचा विश्वास खोटा न ठरू देणे सोपे होते. फेरी तर आता घातलीच होती. पण त्यांना ते जमले नाही.

"फेरी मारलीच न्हाई, ताई. गुडघा दुखला म्हणून घरी गेलो. आकडा जुळला होता. आकड्यात तुम्ही नव्हताच." त्यांनी पंच्याने डोळे पुसले. "तुम्ही म्हणत होता. मी ऐकत नव्हतो."

स्वप्नाने खडकाला डोके टेकले. मग म्हणाली, "मला वाटायचं, मी थट्टाच करते आहे."

एवढेच बोलली. त्यानंतर ते दोघे त्या हातभर सावलीत बसून राहिले. सावली पुरेना तेव्हा हणमंतराव उन्हाच्या बाजूला सरकले आणि तिच्यावर पंचा धरून बसले. थोड्या वेळाने रेणू वस्तीतली माणसे आणि एक बाज घेऊन आली. स्वप्नाला बाजेवर घालून वर काढले. हणमंतराव सायकल ढकलत सर्वांच्या मागे चालले.

त्या संध्याकाळी माझ्यामागची भिंत रिकामी होती.

उद्यानाच्या साहेबांपुढे हणमंतरावांनी सगळे जसेच्या तसे सांगितले. रेणू मध्ये पडली, "साब, गिनती मैंने की." "तुझी मोजणी बरोबर होती," हणमंतराव म्हणाले, "माझी चुकली." साहेब भले माणूस, त्यांनी कामावरून काढले नाही. पण मोजणी हणमंतरावांनी आपणहून सोडली. बांबूपाशी रेणू उभी राहू लागली आणि त्यांच्याकडे वाट झाडणे तेवढे उरले, आणि शेवटची फेरी. आकडा जुळला तरी ती फेरी ते मारत. गुडघा म्हणे नको, ते म्हणत चल. भामाबाई रोज सकाळी तिळाचे तेल चोळून देत आणि कुरकुरत, "पाय तुमचा, पण चोळते मी." घरी ज्वारीला मात्र लाभ चालूच राहिला. "ज्वारीला काय कळतंय," त्या म्हणत.

पावसाळा आला, गेला. मूसी भरून वाहिली आणि पुन्हा आटू लागली. दसऱ्याच्या आधीच्या एका रविवारी पहाटे बांबूपाशी ब्रेक करकरला.

"जय भीम, काका."

हणमंतराव काटे वेचत होते. सरळ व्हायला त्यांना वेळ लागला. स्वप्ना थोडी वाळली होती. एक खांदा दुसऱ्यापेक्षा जरा खाली होता.

"जय भीम, ताई," ते म्हणाले.

रेणूने मोजायला तोंड उघडले तोच स्वप्नाने हात वर केला. "रुको. आज काका मोजतील."

"ताई, मी आता मोजत न्हाई."

"ठाऊक आहे. एकदाच."

हणमंतरावांनी ओठ हलवले. "ला..." जीभ जुन्या वळणाने गेली आणि मध्येच थबकली. स्वप्ना वाट पाहत होती, त्या खडकाखाली पाहिली असेल तशी.

"एक," ते म्हणाले.

तिने मान हलवली, पण पायडलावर पाय ठेवला नाही. "आणि तुम्ही कितवे?"

"मी? मी मागचा. सगळे निघाले की मी जातो."

"म्हणजे तुम्ही पडलात तर कोण येणार?"

हणमंतरावांनी रेणूकडे पाहिले, रेणूने त्यांच्याकडे. ही गोष्ट इतक्या वर्षांत कोणाच्याच ध्यानात आली नव्हती, त्यांच्याही नाही. दुसऱ्यांच्या मागे जाता जाता ते स्वतः कधीच मोजणीत आले नव्हते.

"अय्यो," रेणू म्हणाली. "सच्ची बात है, बाबाय."

स्वप्ना आत गेली. तिच्यामागून इतर गेले, ऊन चढले, एकेक करून सगळे बाहेर आले. हणमंतरावांनी सायकल काढली. गुडघा म्हणाला नको, ते म्हणाले चल. ते बांबू ओलांडत होते तेव्हा मागून रेणूचा खणखणीत आवाज आला, "ओकटि!"

त्यांनी वळून पाहिले. ती बांबू धरून उभी होती, आणि तिच्याशेजारी, घरी जायचे सोडून, स्वप्ना सायकलला टेकून उभी होती.

"जाओ, जाओ," रेणू ओरडली. "तुम आए तक बांबू नहीं गिरता."

वाट तीच होती, पांढरी, कोरडी आणि फार लांब. हणमंतराव हळूहळू पायडल मारत खोऱ्यात उतरले.